भुरीची सुटी

आमच्या गावात सकाळी कोंबडा आरवो न आरवो, दुर्गाबाई मात्र ओरडते. "वल्ला कचरा वेगळा आना, सुका वेगळा आना, अन् पोट्टेहो, मेलेला उंदीर गाडीत टाकू नोका, मी पाह्यते बरं!" ती काही पाहत-बिहत नाही. ती तेव्हा घरी चूल पेटवत असते. कचरागाडीच्या भोंग्यातून येतो तो तिचा भरून ठेवलेला आवाज. पण आमच्याकडे कुणी 'कचरागाडी आली' म्हणत नाही, 'दुर्गाबाई आली' म्हणतात आणि बादली घेऊन धावतात.

गावाचं नाव सांगणार नाही. मूर्तिजापूरच्या पुढं-मागं कुठंतरी आहे असं समजा. मी तिथल्याच नगरपरिषदेत आरोग्य विभागात कारकून आहे आणि मला पेन्शन घ्यायचं आहे. माझं नाव रुबीना. माझ्या आणि दुर्गाबाईच्या घराची भिंत एकच, आणि ती बांधणाऱ्या ठेकेदारानं सिमेंट कुठं खाल्लं ते देव जाणे, पण तिकडं कुणी शिंकलं तरी मी इकडून 'सुखी राहा' म्हणते. त्यामुळं जे सांगून राहिले ते सारं कानानं ऐकलेलं आहे.

दुर्गाबाईचा नवरा डोमाजी कचरागाडी चालवतो. आधी गाडीच्या भोंग्यावर वरून आलेली रेकॉर्ड वाजायची. कुणी एक बाई मधात बुडवलेल्या आवाजात म्हणायची, कृपया आपल्या घरातील कचऱ्याचे वर्गीकरण करावे. लोकांना वाटे, क्रीम विकायला आली. कुणी बाहेर येईना. एक दिवस दुर्गाबाई माहेरून येताना नवऱ्याच्या शेजारी गाडीत बसली होती. रिकामी गाडी पाहून तिचं डोकं फिरलं. तिनं माइक हिसकावला आणि अख्ख्या गल्लीला झाडलं. झोपून राहिले काय, घरात सडवता काय, भैताडहो, पोट्ट्याइले डेंगू करता काय. पाच मिनिटांत गाडी भरली. पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या मुख्याधिकाऱ्यांना आधी वाटलं, दंगल झाली. मग त्यांना समजलं की हे आमचं प्रेमानं बोलणं आहे, आणि त्यांनी तोच आवाज सगळ्या गाड्यांवर लावायला सांगितला. तेव्हापासून पाण्याची पाळी असो, लसीकरण असो, सगळं दुर्गाबाई सांगते. ती अंगणात बसून बोलते, डोमाजी मोबाइलवर भरतो, पेन ड्राइव्हमध्ये टाकतो.

बाहेर एवढा दरारा असलेल्या या बाईला घरात मात्र नाव नव्हतं.

म्हणजे नाव होतं, पण सासू ते घेत नव्हती. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि म्हातारीनं सुनेला एकच शब्द लावला. वांझ. वांझोटी चहा कर. वांझोटी गहू निवड. दवाखाने झाले, अमरावतीचे झाले, नागपूरचे झाले. डॉक्टरांनी डोमाजीलाही तपासायचं म्हटलं तेव्हा म्हातारी दवाखान्यातून मुलाला हाताला धरून घेऊन आली. डाक्टर माझ्या पोरात खोट काढते म्हणे. दर पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून विहारात जायची आणि पंचशील खणखणीत म्हणायची. खोटं बोलू नये असं त्यात आहे, आणि सुनेला मी कुठं खोटं म्हणते, असा तिचा हिशेब होता. दुर्गाबाईसारखी बाई हे कसं ऐकून घ्यायची, मला कळत नसे. एकदा विचारलं तर म्हणाली, बाहेरच्याइले उत्तर देता येते व, हे तर माह्या आतच बसलेलं हाये.

त्यांच्या अंगणात एक कुत्री राहते. भुरी. वर्षातून दोनदा वितेच. पाच-सहा पिल्लं काढायची, त्यातली निम्मी रस्त्यावर चिरडली जायची, निम्मी गटारात सापडायची. दुर्गाबाई ती गोळा करून मागच्या खड्ड्यात पुरायची आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही. सासू म्हणे, कुत्रीले होते, हिले नाही होत. मला त्या म्हातारीच्या तोंडावर भिंतीवरून पाणी फेकावंसं वाटायचं. खरंच सांगते.

तर यंदा, पेरण्या तोंडावर आल्या असताना, आमच्या कार्यालयात वरून पत्र आलं. मोकाट कुत्री फार झाली, अकोल्याहून डॉक्टर येणार, जनावरांच्या दवाखान्यात शिबिर घ्या. पत्रात लिहिलं होतं, 'मादी श्वानांचे निर्बीजीकरण'. आमचे आरोग्य निरीक्षक उत्तमराव साहेब यांना कागदावरचं मराठी जसंच्या तसं पुढं ढकलायची सवय. त्यांनी तेच वाक्य दुर्गाबाईकडून भरून घेतलं. वाक्यातला 'श्वान' कुणाच्या कानाला लागला नाही, 'बी' तेवढं लागलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर शेतकऱ्यांची रांग. कुणी सोयाबीनचं पोतं आणलं, कुणी तुरीचं. जानराव नावाचे एक काका तर भांडायलाच उठले. त्यांचं म्हणणं, बियाण्याला औषध चोळून देता म्हणून सांगता, मी भाड्याचा ऑटो करून आलो, आता नाही कसं म्हणता.

साहेब म्हणाले, शब्द बदला. गावातला एक भावी नगरसेवक आहे, विपुल. तो गेल्या तीन निवडणुकांपासून भावीच आहे. त्यानं फ्लेक्स फुकट करून देतो म्हटलं. चौकात फ्लेक्स लागला. वर विपुलचा हात जोडलेला हसरा फोटो, खाली त्याच्या बारा मित्रांचे गॉगल लावलेले फोटो, आणि मधोमध मोठ्या अक्षरात 'भव्य खच्चीकरण शिबिर, जास्तीत जास्त संख्येने लाभ घ्यावा'. सकाळी लागलेला फ्लेक्स दुपारच्या आत उतरला. विपुलच्या सासुरवाडीहून फोन आला होता म्हणतात.

मग साहेबांनी 'नसबंदी' म्हणून पाहिलं. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे नमाज पढून थेट घरात शिरले आणि कड्या लावल्या. माझे मामू तर पलंगाखालची ट्रंक काढून त्यात आणीबाणीतले जुने कागद शोधत बसले, हमारा तो हो गया था, सर्टिफिकेट किधर है म्हणून. त्यांना समजावता समजावता मला कार्यालयात उशीर झाला आणि साहेबांनी मलाच विचारलं की लोक का येत नाहीत.

शेवटी मीटिंग बसली. कॉलेजातून रिटायर झालेले मराठीचे किसनराव सर यांना मुद्दाम बोलावलं. सरांना कुणी चहा प्यायला बोलावलं तरी भाषण तयार असतं, इथं तर विषय मिळाला. त्यांनी सांगितलं की 'खच्ची' हा शब्द आपला नव्हेच. मूळ अरबी 'खसी', तो फारसीतून इकडं आला आणि बोकडाच्या दोरीला धरून मराठीत शिरला. अर्थ, बडवलेला नर. पुढं आपण माणसाचं मनोबलसुद्धा खच्ची करू लागलो, पण तेही बहुधा पुरुषाचंच. 'निर्बीज' म्हणजे बी नसलेलं, हा संस्कृत, पण तो टरबुजाला बरा. मी विचारलं, सर, मादीचं असं करतात त्याला आपला काही जुना शब्द? सर म्हणाले, नाही, कारण मादीचं तसं कुणी करतच नव्हतं. नराला कामाला जुंपायचं म्हणून बडवायचं. मादीनं द्यायचंच. ती देत नसेल तर तिला एक शब्द आहे, संस्कृत 'वंध्या' वरून आलेला, वांझ.

माझा भाऊ नियाज बकऱ्यांचा व्यापार करतो. आमच्या घरी 'खस्सी' हा शब्द जेवताना दस्तरखानावरही चालतो. मी बाहेर जाऊन त्याला फोन लावला, बकरीला तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, उसको क्या बोलना है, बच्चे नहीं दिये तो काट देते. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

आत आले तर ठराव झाला होता. उत्तमराव साहेब खुशीत होते. सरळ वांझ म्हणा ना, सोपा शब्द आहे, लहान पोरालाही समजतो. तो समजतोच, कारण आमच्या गल्लीबोळात पोरं तो आजीच्या तोंडूनच शिकतात. मी म्हटलं, साहेब, हा शब्द नको. ते म्हणाले, कावून, शिवी थोडीच आहे? मी म्हटलं, घरी जाऊन बाईसाहेबांना विचारा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सुटीचा अर्जच दिला आहे. आणि चिठ्ठी डोमाजीच्या हातात गेली. 'मादी कुत्री वांझ करण्याचे मोफत शिबिर. सौ. दुर्गाबाई यांच्या आवाजात.'

त्या दिवशी मी जेवायला घरी आले होते. पलीकडं अंगणात डोमाजीनं मोबाइलवर बटण दाबून ठेवलं होतं. बायको कधी सुरू होईल नेम नसतो, म्हणून तो आधीच दाबून ठेवतो. दुर्गाबाईनं चिठ्ठी वाचली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. मला वाटलं, आता ही म्हणते की काय. नोकरीचं काम म्हणून, साहेबाचं ऐकायचं म्हणून, स्वतःच्या तोंडानं गावभर हा शब्द म्हणते की काय.

"नाही म्हनत मी थो शब्द," ती म्हणाली. "माहं नाव दुर्गा हाये. तुमच्या मायनं कधी घेतलं? लगन झाल्यापासून याच शब्दानं हाक मारते थे मले. कोनाच्या बारशाले नेलं नाही, कोनाच्या लेकराले हात लावू देल्ला नाही. अन् आता मीच भोंग्यातून वरडू? कुत्रीले? अवो, तिनं काय केलं? थे भुरी पाहा. हाडं मोजून घ्या तिची. जलमली तशी पिल्लंच काढून राहिली, अन् म्या पुरूनच राहिली. तिले वांझ नोका करू. तिले सुटी द्या म्हना. मास्तराइले उनाळ्याची सुटी, साहेबाले शनिवार-रविवार, अन् या मुक्या जनावराले एक सुटी नाही? आना म्हना आपापल्या कुत्र्या, बाळंतपनातून सुटी भेटून राहिली. बोक्याइले अन् बाप्याइले काही करा लागत नाही, थे जलमभर सुटीवरच असते!"

मग भाताचा रिकामा गंज आपटल्याचा आवाज आला, आणि तिच्या रडण्याचा. मीही इकडं रडले, लपवून काय करू.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं. नोकरी नवऱ्याची होती. डोमाजीनं बिचाऱ्यानं हात जोडले असावेत. मग तिनं शांतपणे दुसरी रेकॉर्ड भरली, कुत्र्याइचं थे आपरेशन हाये, दवाखान्यात आना. शब्द टाळला. डोमाजीनं पेन ड्राइव्हमध्ये रेकॉर्ड टाकली. माणूस सज्जन आहे, पण मोबाइल त्याला कळत नाही. त्यानं पहिली टाकली.

सकाळी गावातल्या सगळ्या गाड्यांवरून दुर्गाबाई सुरू झाली. 'नाही म्हनत मी थो शब्द' पासून गंज आपटेपर्यंत. गंज आपटला की पुन्हा पहिल्यापासून. चौकात चहावाल्यानं गाणी बंद केली. शाळेची पोरं प्रार्थना सोडून फाटकाशी आली. गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा म्हातारी बादली घेऊन फाटकात उभी होती. 'तुमच्या मायनं कधी घेतलं?' असं भोंगा म्हणाला आणि साऱ्या बायकांनी वळून तिच्याकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं ओला आणि सुका एकत्रच फेकला आणि आत गेली. डोमाजी गाडीत बसून भोंग्याची वायर शोधत होता. ती त्याला सापडली तोवर गाडी अर्धं गाव फिरली होती.

दुर्गाबाईनं दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून मला म्हणाली, रुबीना, माहं सारं गावाले माईत झालं, आता मी तोंड कसं दाखवू? यापुढं मी बोलतच नाही कधी. मी म्हटलं, गावाला माहीत होतंच गं. सगळे रोज ऐकत होते, फक्त म्हातारीच्या तोंडून. तिचा आवाज गेला तर काय होईल, हे मला समजत होतं. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

कार्यालयात साहेब लाल झाले होते. 'शासकीय भोंग्यातून घरगुती मजकूर प्रसारित केल्याबद्दल' अशी डोमाजीला नोटीस काढायची होती, आणि ती टाइप करायला मलाच बसवलं. मी दोन ओळी टाइप केल्या आणि जनावरांच्या दवाखान्यातून फोन आला. माणसं पाठवा, गर्दी आवरत नाही.

मी स्वतः जाऊन पाहिलं. कुणी दोरीनं कुत्री आणली होती, कुणी ओढणीनं, एक पोरगी स्कूटीवर पुढं उभी करून घेऊन आली होती. बायकाच जास्त. ज्यांनी दारातल्या कुत्रीला कधी भाकरीचा तुकडा टाकला नसेल त्याही आल्या होत्या. सगळ्या एकच विचारत होत्या, सुटी इथंच भेटते काय? आमच्या कुत्रीले सुटी द्याची हाये. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं, कुत्र्यांना डिस्चार्ज मागून राहिले. मग समजल्यावर त्या हसल्या आणि त्यांनीही रजिस्टरात 'सुटी' असंच लिहायला सुरुवात केली.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. वरून अभिनंदनाचा फोन आला, आणि उत्तमराव साहेबांनी सांगितलं की लोकभाषेतला हा शब्द आमच्या समितीनं विचारपूर्वक निवडला. डोमाजीची नोटीस दोन ओळींवरच कॉम्प्युटरात राहिली. विपुलनं नवा फ्लेक्स लावला, 'भव्य सुटी शिबिर', तेच बारा गॉगल. किसनराव सरांनी पेपरात लेख लिहिला. 'सुटी' ची व्युत्पत्ती त्यांनी 'सुटणे' वरून पार संस्कृतापर्यंत नेली. दुर्गाबाईच्या अंगणापर्यंत मात्र ती पोचली नाही. आता आमच्याकडं म्हशीवाले, मांजरवाले सगळेच तो शब्द वापरतात. नियाजसुद्धा परवा कुणाला म्हणाला, उसकी बिल्ली सुटीपे है.

भुरीला दुर्गाबाईनं स्वतः नेलं. दार उघडून बाहेर पडली ती त्यासाठीच. गावानं तिच्याकडं पाहिलं, पण कुणी हसलं नाही. दोन-चार बायका रांगेतून सरकल्या आणि तिला पुढं जाऊ दिलं. भुरी कानाला ऑपरेशनच्या खुणेची खाच आणि पोटाला टाके घेऊन परत आली आणि अंगणात पडून राहिली. दुर्गाबाई तिला हळद टाकून दूध पाजायची. पुढच्या महिन्यात पाण्याची पाळी बदलली आणि भोंगा पुन्हा ओरडू लागला, नळाले मोटर लावू नोका, चोट्टेहो. मला बरं वाटलं.

आणि म्हातारी? तिनं सुनेला हाक मारणंच सोडलं. वांझ म्हणायची हिंमत नाही, नाव घ्यायची सवय नाही. नुसतंच 'आयकतं का' म्हणायची. सुधारली की भोंग्याला भ्याली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर भ्याली. डोमाजीचा मोबाइल खाटेवर दिसला की ती त्याच्यावर टॉवेल टाकायची.

मग एक दिवस दर्यापूरकडचे सोयरे आले, डोमाजीच्या चुलत पुतणीच्या सोयरिकीसाठी. मी कपबश्या उसन्या द्यायला गेले होते आणि बसूनच राहिले. पाहुण्यांतल्या एका जाड बाईनं चहाच्या आधीच विचारलं, सुनेले लेकरू-बाळ काय हाये? दुर्गाबाई ट्रे घेऊन दारात आली होती. म्हातारीनं फाटकाकडं पाहिलं, खाटेवर मोबाइल आहे का पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाली, "नाही. तिले सुटी हाये."

खोटं कशाला सांगू, मला वाटलं, वा! केवढा बदल झाला. मी हसलेसुद्धा.

दुर्गाबाई हसली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला. "आत्याबाई," ती सासूला म्हणाली, आवाज भोंग्यातला नव्हता, अगदी हळू होता, "सुटी मांगा लागते. भुरीले पायजे होती, म्हनून म्या तिच्यासाठी मांगतली. मले नोती पायजे. मले लेकरू पायजे होतं."

जाड बाई पदर सारखा करू लागली. माझं हसू माझ्या तोंडावरच राहिलं होतं, ते कुठं ठेवावं मला समजेना. म्हातारी बराच वेळ सुनेकडं पाहत होती. मग तिनं खाटेवर आपल्या बाजूला थोडी जागा केली.

"बस, दुर्गा," ती म्हणाली.

दुर्गाबाई बसली. चहा निवून गेला होता, तरी दोघींनी प्यायला.